रस्त्याचे खाडे

गेलं वर्षभर आमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर शक्तिपीठ महामार्गाचा वाद पेटलेला आहे. पवनारहून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, ८६ हजार कोटींचा अंदाज, हे आकडे आता पोरासोरांनाही पाठ झालेत. एक बाजू म्हणते, समृद्धी महामार्गाच्या वेळीही असेच रडले होते, आता त्याच रस्त्यानं आठ तासांत मुंबई गाठता की नाही? दुसरी म्हणते, कापसाला भाव नाही, सोयाबीन हमीभावाच्या खाली जाते, अन् यायले रस्ते सुचतात! दोन्हीकडचे आवाज चढतात, चहा थंड होतो, आणि मग साडेनऊची एसटी आली नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं. ती का आली नाही, हा विषय वादात नसतो. दोघांच्याही लेखी रस्ता ही एकदा बांधून मोकळं व्हायची वस्तू आहे, ती बांधायची की नाही एवढाच काय तो तंटा. माझं म्हणणं वेगळं आहे. ग्रामीण विदर्भात रस्त्यांवर सरकारनं आजच्यापेक्षा जास्त खर्च करायला हवा, पण त्या खर्चाचं माप किलोमीटर हे नको. माप हवं खाड्यांचं.

खाडा म्हणजे काय ते मराठी घराला सांगायला नको. दूधवाला आला नाही की कॅलेंडरवर त्या तारखेला फुली, आणि महिन्याच्या शेवटी फुल्या मोजून पैसे कापायचे. माझी पुतणी अकरावीत आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसनं तालुक्याला जाते, मुलींना तो प्रवास फुकट आहे. गेल्या पावसाळ्यात तिनं दुधाच्या फुल्यांशेजारी बसच्या फुल्या मारायला सुरुवात केली, कारण गैरहजेरीचं कारण कॉलेजात रोज तोंडी सांगून ती कंटाळली होती. जुलै-ऑगस्ट मिळून सतरा फुल्या निघाल्या. आमच्या गावाला डांबरी रस्ता आहे बरं का. सरकारच्या दप्तरी आमचं गाव बारमाही रस्त्यानं जोडलेलं आहे. तीन किलोमीटरचा तो रस्ता नाल्यावर येऊन बुडतो आणि ड्रायव्हर फाट्यावरूनच गाडी वळवतो. दुधाचा खाडा झाला तर आपण पैसे कापतो. रस्त्याच्या खाड्याचे पैसे आजवर कुणी कुणाचे कापले?

मोठ्या रस्त्यांच्या बाजूनं जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खरं आहे, ते आधी मान्य करतो. समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता पुरा झाला. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला वाहतुकीतला एकेक तास महाग पडतो, हे बागायतदाराला विचारा. गावरस्त्यांच्या बाजूचे आपलेच लोक एक हिशोब नेहमी मांडतात, तोही लंगडा आहे. समृद्धीला ५५ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला ७८ कोटी. केंद्रानं २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात ६२,५०० किलोमीटरना ७० हजार १२५ कोटी, म्हणजे किलोमीटरला सव्वा कोटीसुद्धा नाही. एका समृद्धीच्या किलोमीटरात सत्तर किलोमीटर गावरस्ते होतील, असं म्हणून टाळ्या मिळतात. पण टोलच्या भरवशावर काढलेलं कर्ज गावरस्त्याला मिळत नसतं. पांदणीवर, म्हणजे वावरात जाणाऱ्या वाटेवर, टोल कोण लावणार? सहा पदरी, बोगद्यांचा, पुलांचा रस्ता आणि आमचा पावणेचार मीटरचा डांबरी पट्टा यांची किलोमीटरला किलोमीटर तुलना करणं म्हणजे बैल आणि शेळी एकाच दराने विकायला काढणं. समृद्धी झाला नसता तर आमच्या नाल्यावर पूल झाला असता, या भ्रमात कुणी राहू नये. झाला नसताच.

याहून वजनदार आक्षेप दुसऱ्या बाजूचा आहे. रस्त्यानं शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं हे गृहीतच चुकीचं आहे, असं ती बाजू म्हणते, आणि तिच्या पाठीशी पुरावाही आहे. याच ग्रामसडक योजनेतून जोडल्या गेलेल्या देशभरातल्या हजारो गावांचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रस्ता आल्यावर शेतीचं उत्पन्न किंवा घरातली मालमत्ता फारशी वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की माणसं शेतीतून उठून बाहेरच्या मजुरीला जाऊ लागली. हे वाचून मला धक्का बसला नाही. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात आणि दिल्लीच्या आयात शुल्कात ठरतो, आमच्या फाट्यावर ठरत नाही. पण यावरून रस्ता नको असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मला विचारायचंय, भाव वाढत नाही म्हणून जो भाव आहे तोही हातचा घालवायचा का? सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. नोव्हेंबरात अवेळी पाऊस आला, वावरातून कापूस निघेना, घरात जागा नाही, तेव्हा शेतकरी काय करतो? दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला देतो. तो काटा त्याचा, कट्टी म्हणजे वजनातली कपात त्याची, भावही त्याचाच. ज्याची बैलबंडी डांबरी रस्त्यापर्यंत पोचते तो निदान ‘नाही देत’ म्हणू शकतो. उत्पन्नाच्या सरासरीत हा ‘नाही’ दिसत नाही. त्याच संशोधकांचा आणखी एक अभ्यास आहे, तो मात्र वादात कुणी काढत नाही: रस्ता आलेल्या गावांत प्राथमिकच्या पुढच्या वर्गांतली पटसंख्या वाढली. माझी पुतणी त्या पटात आहे, बस येईल त्या दिवशी.

आमच्याकडचे रस्ते कुणासाठी झाले, याचा इतिहास पाहिला की आजचा वाद किती जुना आहे ते कळतं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि साहेबाला वऱ्हाडची काळी माती दिसली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून आठेक मैलांचा रेल्वेचा फाटा काढला, तर त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली शकुंतला रेल्वे आली, तीही कापसाच्या गाठींसाठीच. गाठ बाहेर नेणं हा त्या सगळ्या खर्चाचा हेतू होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. म्हणून जीनपासून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापासून, स्टेशनपर्यंत खडीचा रस्ता झाला आणि वावरापासून जीनपर्यंत चिखलच राहिला. तो चिखल कंपनीचा प्रश्न नव्हता, तो बंडीवाल्याचा होता. साहेब गेला, पण रस्त्याला वरून खाली पाहायची ही नजर गेली नाही.

आणि दुसरी गोष्ट खुद्द नागपूरची आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. तिचं नावच नागपूर योजना. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही जी उतरंड आपण आज वापरतो, ती तिथे पक्की झाली. शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नको, हा दंडकही तिथलाच. युद्ध चालू असताना, देश पारतंत्र्यात असताना गावाचा असा विचार झाला याचं मला आजही कौतुक वाटतं. लक्ष्य होतं सुमारे ५ लाख ३२ हजार किलोमीटरचं. १९६१ पर्यंत, म्हणजे मुदतीच्या आधीच, देशात सात लाखांवर किलोमीटर रस्ते झाले होते. लक्ष्य ओलांडलं! मग १९६१ च्या जुलैत आमच्या आजोबांची बंडी का फसत होती? कारण वाढलेल्या लांबीतला मोठा वाटा कच्च्या रस्त्यांचा होता. पाच मैलांचं अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजता येतं, आषाढात ते पाच मैल किती होतात ते पट्टी सांगत नाही.

तेव्हापासून आपण तेच माप वापरतो आहोत. राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा हिशोब मांडायला १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी अहवाल आला, अनुशेष हा शब्द घरोघरी गेला. त्यात रस्ते हे एक स्वतंत्र क्षेत्र होतं. राज्याच्या सरासरीपेक्षा आपण किती मागे, इतके रस्ते कमी, इतके कोटी द्या. त्या काळी दुसरं माप हाताशी नव्हतं आणि त्या अहवालानं विदर्भाला बोलायला भाषा दिली, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण त्या भाषेची एक खोड आपल्याला जडली. मागणी लांबीची, मंजुरी लांबीची, म्हणून पूर्तताही लांबीचीच. आमदाराच्या कार्यअहवालात किलोमीटर असतात, अधिकाऱ्याच्या प्रगतीपत्रकात किलोमीटर असतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जे रस्ते झाले, त्यांनी माणसं जगवली, त्यावर मी एक शब्द वावगा बोलणार नाही. मात्र ते मातीचे रस्ते पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून गेले आणि पुढच्या दुष्काळात तोच रस्ता पुन्हा निघाला. दोन्ही वेळी किलोमीटर मोजले गेले. बेरीज केली तर आमच्या तालुक्यातल्या काही रस्त्यांची लांबी तालुक्यापेक्षा जास्त भरेल.

आता जरा आमच्या नाल्यावर चला. काळी माती ही मोठी लहरी चीज आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर घातलेला रस्ता वर्षातून एकदा वर उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. त्याला वाचवायचं तर खाली मुरमाचा चांगला थर हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी बाजूला काढायला नाली आणि मोरी हवी. आमच्या नाल्यावर तीन नळकांड्यांची मोरी आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वरच्या वावरांतल्या, धुऱ्यावर म्हणजे बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, वाहत येतात आणि नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. त्यांच्यामागे काटेरी झुडपं, प्लास्टिक, कुणाची तरी फाटकी ताडपत्री. एक नळी बुजते, मग दुसरी. पाणी तुंबतं आणि रस्त्यावरून उलटतं. उलटताना खालच्या बाजूची साईडपट्टी कापतं, मग गिट्टी उघडी पडते, मग डांबराचा पापुद्रा अधांतरी राहतो आणि एखाद्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली कडकन मोडतो. गेल्या वर्षी मी हे जवळजवळ रोज पाहिलं, कारण छत्री घेऊन काठावर उभं राहण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. पोळ्यापर्यंत निम्मा रस्ता गेला होता. दोन माणसं, दोन फावडी, एक आकडी आणि मे महिन्यातला एक दिवस, एवढ्यात त्या नळ्या मोकळ्या झाल्या असत्या. ते कुणाचं काम, हे विचारायला गेलो तर मला इकडून तिकडे पाठवण्यात आलं. शेवटी एका भल्या माणसानं समजावलं, ‘भाऊ, सफाईले हेड नाई. नव्या रस्त्याचा प्रस्ताव द्या, त्याले हेड हाये.’ हेड म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं.

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याचे मैलकुली असत. ठरलेल्या पट्ट्याची जबाबदारी एका माणसाची. नाली उकरणं, खड्ड्यात मुरूम भरणं, साईडपट्टीवरचं गवत काढणं. त्याच्या कामाचं कधी उद्घाटन झालं नाही, त्यामुळे तो हळूहळू नाहीसा झाला तेव्हा कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. ग्रामसडक योजनेत, २००० सालापासून, एक शहाणपणाची गोष्ट होती: बांधणाऱ्या ठेकेदारानंच पुढची पाच वर्षं देखभाल करायची, आणि तसा फलक रस्त्याच्या तोंडाशी लावायचा. पाच वर्षांनंतर? नारळ फुटतो तो नव्या कामावर. दुरुस्तीला भूमिपूजन नसतं, कोनशिला नसते, फ्लेक्स नसतो. नळीतली पऱ्हाटी काढताना फोटो काढून घेणारा लोकप्रतिनिधी मला अजून दिसायचा आहे.

खर्चाचा आणखी एक भाग वादात येत नाही, तो म्हणजे रस्ता मोडतं कोण. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले आणि किती भाराला किती नुकसान हे मोजलं. ढोबळ निष्कर्ष असा, की चाकांच्या आसावरचा भार दुप्पट केला तर नुकसान सोळापट होतं. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्रानं एका आसाचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. ऐकायला वाढ किरकोळ, पण त्या हिशोबानं रस्त्याची झीज साठेक टक्क्यांनी वाढते. हे झालं कायद्यातलं. वणी-घुग्घुस भागात कोळशाचे ट्रक आणि नदीकाठच्या गावांत रेतीचे टिप्पर कायद्यात बसतात का, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आमच्याच रस्त्यावरून एका मोठ्या कामासाठी मुरमाचे हायवा, म्हणजे मोठे टिप्पर, वर्षभर धावले. दर पावसात बैलबंड्या चालून जो रस्ता दहा वर्षं टिकला असता, तो एका हंगामात गेला. दुरुस्त करून देऊ म्हणाले होते. म्हणजे मोठ्या रस्त्याच्या किमतीतला एक हिस्सा लहान रस्त्यानं भरला, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात दिसला नाही. महामार्ग हवा असेल तर हा हिस्साही त्याच्याच खात्यावर मांडा, एवढी मागणी महामार्गाच्या समर्थकांनाही मान्य व्हायला हरकत नसावी.

राहता राहिला भ्रष्टाचाराचा मुद्दा. ‘रस्त्याले पैसा द्या म्हणजे टक्केवारीले पैसा द्या’, हे टपरीवरचं शेवटचं शस्त्र. खरं आहे, आणि त्यामुळेच माप बदलायला हवं. डांबराचा थर किती जाडीचा पडला, मुरूम किती ब्रास आला, हे रोलर फिरून गेल्यावर तुम्हा-आम्हाला कळत नाही. चोरी होते ती तिथे, झाकलेल्या थरात. पण गाडी गेली की नाही गेली, हे म्हातारीलाही कळतं. त्यासाठी नवी यंत्रणाही नको. एसटीच्या आगारात रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद असते. १०८ ची रुग्णवाहिका कुठून परत फिरली याची नोंद असते. शाळेची हजेरी असते. या तीन वह्या दरवर्षी दिवाळीआधी ग्रामसभेत शेजारी-शेजारी ठेवल्या, तर कुठल्या रस्त्याचे किती खाडे हे तासाभरात निघेल. ज्या रस्त्याचे खाडे जास्त त्याला आधी पैसा, आणि देखभालीच्या मुदतीत खाडा झाला तर ठेकेदाराच्या बिलातून कपात. दूधवाल्याला लावतो तोच नियम.

यावर एक प्रामाणिक शंका अशी, की मग भामरागडसारख्या तालुक्यालाच सगळा पैसा जाईल. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, हे दर पावसाळ्यात वाचतो. २०२४ मध्ये तिकडून एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमधून नाला पार करून नेल्याची बातमी आली होती. पैसा तिकडे जाणार असेल तर जाऊ द्या ना! यवतमाळच्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यांवर, वस्तीच एवढी लहान, की ग्रामसडकच्या लोकसंख्येच्या अटीत ती वर्षानुवर्षं बसली नाही. २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना आली आणि आदिम जमातींच्या वस्त्यांसाठी ही अट शंभरावर आली, तेव्हा कुठे दार उघडलं. किलोमीटरच्या मापात लहान वस्ती नेहमी शेवटी येते, कारण खर्च जास्त आणि माणसं कमी. खाड्याच्या मापात ती पहिली येते. मला हा त्या मापाचा दोष वाटत नाही.

एक गोष्ट मात्र सरकारवर ढकलता येणार नाही. रस्त्याच्या कडेची नाली आमच्यातल्याच लोकांनी बुजवली आहे. दरवर्षी नांगर एकेका ओळीनं पुढे सरकवला, धुरा रस्त्याला भिडवला, चार ओळी पऱ्हाटी जास्त लावली. पांदणींचं तर विचारूच नका. जमाबंदीच्या नकाशावर दोन बंड्या आरामात जातील एवढी पांदण आहे, जागेवर मोटरसायकलही बाभळीला खरचटते. ती मोकळी करायला तहसीलदार आले की गाव एक होतं, आणि गेले की पुन्हा नांगर सरकतो. आमच्या नाल्यावर आलेल्या पऱ्हाट्यांत माझ्या वावरातल्याही होत्या. यंदा होळीनंतर मी त्या धुऱ्यावरून उचलून घरामागे आणून टाकल्या. शेजाऱ्यालाही म्हटलं. तो म्हणाला, ‘तुह्या एकट्याच्या पऱ्हाट्या उचलून नळी मोकळी राह्यते का?’ नाही राहत, हे मलाही माहीत आहे. मे महिन्यात पुतणीला घेऊन नळ्यांपाशी गेलो तेव्हा मधली नळी निम्मी गाळानं भरलेली होती. आम्ही दोघांनी दोन तास उपसली. तिसरीपर्यंत हात पोचला नाही.